आजोबांचा दगड

वन्सं : वहिनी, ते फडकं राहू दे आणि जरा इकडे ये. आजोबा अजून पायरीवरच बसलेत.

वहिनी : कुठले? गुडघ्याला पट्टा बांधलेले? अहो वन्सं, त्यांना तर मी मघाशी हात हलवून निरोप दिला. बूट घालून, पाठीवर पिशवी अडकवून, काठी टेकत निघालेसुद्धा होते.

वन्सं : फाटकापर्यंत गेले आणि परत आले. सगळी पिशवी पायरीवर उपसलीय. मोजे, औषधं, बनियन, सगळं. आता नुसते बसून आहेत.

वहिनी : पासपोर्ट गेला की काय? हे बघा, चादरी काढताना मी एकूण एक उशी झटकलीय. काही नव्हतं. कानात घालायचा बोळा तेवढा सापडला, तो टाकला. घोरणाऱ्यांच्या खोलीत झोपायचं म्हणजे बोळे हवेतच बिचाऱ्यांना.

वन्सं : पासपोर्ट नाही. दगड.

वहिनी : काय?

वन्सं : दगड हरवलाय त्यांचा.

वहिनी : घ्या! दगडांना काय तोटा आहे? मागच्या अंगणात ढीग पडलाय, म्हणावं हवे तेवढे उचला. परदेशातल्या या धर्मशाळेत सेवा करायला आलो खरं, पण मला तर बाई या पायी यात्रेकरूंचं काही कळत नाही. एवढे डोंगर चढायचेत आणि पिशवीत दगड! परवा त्या उंच मुलीच्या पिशवीत इस्त्री निघाली, तुम्ही होतात ना तिथे?

वन्सं : हसू नकोस. बायकोचा आहे तो.

वहिनी : बायकोचा म्हणजे?

वन्सं : बायको गेली त्यांची. दोघं मिळून ही यात्रा चालायची, असं केव्हापासून ठरलं होतं. आधी मुलं लहान, मग नातवंडं, मग गुडघे. राहून गेलं. आणि मग तीच गेली. लग्नाआधी दोघं नदीवर फिरायला गेले होते, तिथला दगड उचलून त्यांनी तिला दिला होता. तो आयुष्यभर तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. आता यात्रेच्या शेवटच्या देवळात नेऊन ठेवायचा, एवढ्यासाठी चालतायत.

वहिनी : अगं बाई.

वन्सं : आत्ता सांगितलं मला, तेही तुटक तुटक. रडत नाहीयेत, तेच वाईट. म्हणाले, दगडाशिवाय पुढे जाऊन काय करू? आणि तसाच घरी गेलो, तर रिकामी खिडकी कशी बघू?

वहिनी : ठेवला कुठे होता?

वन्सं : तेच आठवत नाहीये. आले त्या दिवशी धुतला, एवढं आठवतंय. धुळीनं भरला होता म्हणे. वाळायला कुठेतरी ठेवला आणि आडवे झाले. गुडघा सुजलेला, म्हणून तर आपण त्यांना एक दिवस जास्त राहू दिलं. पिशवीतच आहे असं धरून चालले होते. फाटकाशी गेल्यावर सवयीनं चाचपून बघितलं, तर नाही.

वहिनी : दिसायला कसा?

वन्सं : मुठीत मावेल एवढा. करडा. एक पांढरी रेघ आहे, ती वळून पार मागच्या बाजूला जाते.

वहिनी : एका अंगानं गुळगुळीत आणि एका अंगानं खरखरीत?

वन्सं : ते नाही विचारलं मी. का?

वहिनी : वन्सं, मला जरा बसू द्या.

वन्सं : वहिनी. काय केलंस?

वहिनी : बेसिनच्या वरच्या खिडकीत होता. आणि मला वाटलं… मला वाटलं, वजरी आहे.

वन्सं : काय आहे?

वहिनी : वजरी हो! टाच घासायची! अहो, रोज इतकी माणसं चालून येतात, एकेकाच्या टाचा बघवत नाहीत, नुसत्या भेगा. आणि इथे गरम पाणी आहे, साबण आहे, चादरीला इस्त्री आहे, पण टाच घासायला काही नाही! आल्या दिवसापासून मला ते खटकत होतं. खिडकीत तो दगड दिसला, हात फिरवून बघितला, तर एका अंगानं कसा छान खरखरीत. म्हटलं, कुणीतरी शहाण्या बाईनं आणून ठेवलाय आणि चुकून बाहेर राहिलाय. मी उचलला आणि बायकांच्या शॉवरखाली साबणाशेजारी ठेवला.

वन्सं : शॉवरखाली.

वहिनी : सगळ्यांना आवडला हो! त्या दोघी बहिणी बहिणी होत्या ना, त्यांना तर मीच खुणा करून दाखवलं, असा गोल गोल फिरवायचा. जाताना मला मिठी मारून गेल्या. मला वाटलं, चला, आपल्यालाही काहीतरी शिकवता आलं इथे.

वन्सं : तू वर शिकवलंस?

वहिनी : आणि माझ्याही घासल्या. दोन्ही.

वन्सं : देवा रे.

वहिनी : त्या माणसानं जिवापाड जपून आणलेली वस्तू, आणि मी तिच्यावर टाचा घासल्या! आता मी त्यांना तोंड कसं दाखवू? नाश्त्याला दोन्ही दिवस मला बघून छातीवर हात ठेवून वाकले हो ते.

वन्सं : आधी रडं थांबव. वाईट झालं असं काही नाही, उलट सापडला म्हणायचा. जा, घेऊन ये. पुसून देऊ, खिडकीत होता म्हणून सांगू. ते मार्गाला लागतील, आपण खोल्या पुसायला घेऊ.

वहिनी : कुठून आणू? आत्ताच शॉवरची फरशी घासून आले मी. तिथे साबण आहे, दगड नाही.

वन्सं : नीट बघितलंस?

वहिनी : एवढीशी ती जागा, एक माणूस वळेल तर कोपर आपटतं. तिथे काय नीट बघायचं? मला वाटलं, नेला कुणीतरी. चांगली वस्तू दिसली की… त्या बहिणींनी तर नसेल ना नेला? पुढच्या मुक्कामाला फोन लावा, तुम्हाला बोलता येतं.

वन्सं : थांब जरा.

वहिनी : थांबता काय? तोवर त्या आणखी पुढे जातील!

वन्सं : मोरीच्या जाळीपाशी होता का तो?

वहिनी : मी साबणाशेजारी ठेवला होता. पुढे कुणी घासून कुठे टाकला असेल ते मला काय माहीत? का? तुमचा चेहरा असा का झाला?

वन्सं : काल नव्या यात्रेकरूंना दार उघडायच्या आधी शॉवर मी धुतले. जाळीपाशी एक ओला दगड होता.

वहिनी : मग?

वन्सं : मग काय मग? साबणाचं पाणी, त्यात दगड. कुणी पाय घसरून पडलं म्हणजे? बाथरूममध्ये राहिलेली वस्तू उचलायची, हा नियमच आहे इथला.

वहिनी : उचलून सापडलेल्या वस्तूंच्या खोक्यात ठेवायची, हा नियम आहे. तुम्हीच शिकवलात. फाटका मोजा टाकायला निघाले होते, तर केवढ्यानं ओरडलात माझ्यावर.

वन्सं : मोजा ही वस्तू आहे. दगड म्हणजे दगड. मी खिडकीतून भिरकावला.

वहिनी : कुठे?

वन्सं : मागे. बूट धुवायच्या नळाखाली, पाणी मुरायला ते गोटे टाकलेत ना, त्यात.

वहिनी : म्हणजे दगडांत दगड.

वन्सं : एक शब्द बोलू नकोस. चल.

(मागचं अंगण. नळाखाली करड्या गोट्यांचा पसारा. दोघी उकिडव्या बसल्या आहेत.)

वहिनी : जन्मभर तांदळातले खडे निवडले. आता खड्यांतला खडा निवडायची वेळ आली.

वन्सं : तू नळाच्या बाजूनं बघत ये, मी भिंतीच्या बाजूनं येते. बघितलेले मागे टाक. आणि मांडी घालू नकोस, ओलं आहे.

वहिनी : या वयात उकिडवं बसवतंय का तुम्हाला तरी? मला उठताना हात द्या म्हणजे झालं. हा? नाही, हा चपटा आहे. सगळ्यांना रेघा आहेत हो, एकजात सगळ्यांना! कुठल्या मेल्या नदीतून आणलेत?

वन्सं : हळू बोल. आजोबा तिकडून ऐकतील.

वहिनी : ऐकून समजणार आहे का त्यांना? मला तर वाटतं, सरळ जाऊन पायच धरावेत त्यांचे.

वन्सं : पाय धरून दगड मिळणार नाही. हा बघ. हा बघ, वहिनी! मुठीत मावतो, करडा आहे, पांढरी रेघ आहे.

वहिनी : द्या इकडे. नाही. रेघ वळून मागे गेली नाहीये.

वन्सं : अर्धी गेलीय.

वहिनी : अर्धी जाऊन काय उपयोग?

वन्सं : वहिनी, ऐक माझं. त्यांची नजर अधू आहे, परवा मुक्कामाचा शिक्का मारून घेताना यात्रेचं पुस्तक उलटं धरलं होतं. हा धुऊन देऊ. ते खूश होतील, त्यांची यात्रा पुरी होईल. त्या देवळात ठेवायचा तर भाव महत्त्वाचा. दगडाचं काय एवढं?

वहिनी : खाली ठेवा तो.

वन्सं : अगं पण…

वहिनी : खाली ठेवा म्हणते ना! तुम्हाला सगळं असंच वाटतं. एक गेलं, त्याच्यासारखं दुसरं दिलं, मिटलं. ज्याचं जातं त्याला कळतं हो ते कुठलं होतं. हात लावला की कळतं. तेव्हाही तुम्ही असंच केलंत.

वन्सं : तेव्हा म्हणजे केव्हा?

वहिनी : ह्यांच्या चपला.

वन्सं : हे आत्ता कुठून काढलंस?

वहिनी : आत्ता नाही काढलं, तेव्हापासून घशात अडकलंय. हे गेले, मला कपाट उघडवेना. मी म्हटलं, वन्सं, तुम्हीच सगळं वाटून टाका. तुम्ही टाकलंत. शर्ट गेले, स्वेटर गेले, छत्री गेली. मी एका शब्दानं काही म्हटलं? उपकारच झाले तुमचे. पण चपला दारात होत्या. हे बाहेरून आले की काढायचे तशाच, उजवी जरा तिरकी. रोज मी त्यांना वळसा घालून घरात जायची. आणि एका संध्याकाळी बघते तर जागा रिकामी. विचारलं, तर म्हणालात, तुमच्या इमारतीच्या वॉचमनला दिल्या, त्याला मापाच्या आल्या.

वन्सं : तू 'सगळं' म्हणाली होतीस.

वहिनी : सगळं म्हणजे कपाटातलं. दारातलं नाही.

वन्सं : म्हणून येत नाहीस का माझ्याकडे?

वहिनी : दगड शोधा.

वन्सं : नाही, मला सांगच. बोलावलं की तुझी पाठ धरते, नाहीतर गॅसवाला यायचा असतो. दादा होता तेव्हा प्रत्येक रविवारी यायचात दोघं. विमानात बसून इतक्या लांब माझ्याबरोबर आलीस, आणि रिक्षानं जरासं अंतर, तेवढं येत नाहीस.

वहिनी : इथे आले कारण हे तुमचं घर नाही आणि माझंही नाही. तुमच्या दारात यायचं म्हटलं की मला तो वॉचमन डोळ्यांपुढे येतो, ह्यांच्या चपला घालून फिरणारा. आता झालं सांगून? शोधा.

वन्सं : शोधते.

वहिनी : आणि नाक ओढू नका, मलाही रडू येईल. आधीच दिसत नाहीये.

वन्सं : मी नाही रडत. ऊन लागतंय डोळ्यांना.

वहिनी : वन्सं.

वन्सं : काय?

वहिनी : तो इतक्या जणींनी साबण लावून घासला. तो साबण कुठे जाईल?

वन्सं : कुठे म्हणजे?

वहिनी : त्या खरखरीत बाजूच्या भोकांत बसला असणार ना तो! बादली आणा. पाणी ओतू आणि एकेक चोळून बघू. बाकीच्यांना कशाला फेस येईल?

वन्सं : वहिनी, तुझ्या डोक्यात…

वहिनी : आधी बादली! माझं डोकं नंतर.

वन्सं : ही घे. सरक. हा नाही. हा नाही. हा… ही नुसती माती.

वहिनी : तिकडचे घ्या, खिडकीखालचे. किती लांब फेकलात? तुमचा हात लहानपणापासून जोरात, हे सांगायचे, आंबे पाडायला तुम्हालाच न्यायचे म्हणे.

वन्सं : मग भिंतीला टेकून असेल. हे चार चोळ तू. मी पलीकडचे…

वहिनी : फेस!

वन्सं : काय?

वहिनी : फेस आला! बघा, बघा, बोटांमधून येतोय! आणि रेघ, वळली, वळली, पार मागे गेली! वन्सं, हाच! अहो, हाच तो!

वन्सं : हुश्श. दे मला हात. नाही, तू मला दे. आधी कोण उठणार?

वहिनी : कुणीच उठू नका, जरा वेळ बसू दे असंच. माझ्या जिवात जीव आला बाई. सापडला हो, सापडला.

वन्सं : आता असं करू. कोरडा करायचा, रुमालात गुंडाळायचा, आणि सांगायचं, खिडकीतून मागे पडला होता. खोटं नाहीच ते तसं.

वहिनी : जसं झालं तसं सांगा. मी वजरी म्हणून ठेवला, ते सांगा.

वन्सं : आणि मी भिरकावला, ते?

वहिनी : तेही. नाहीतर मला त्यांची भाषा येत नाही म्हणून सगळं माझ्यावर ढकलाल.

वन्सं : बरं बाई. चल. तू दे त्यांच्या हातात, मी बोलते.

(पुढची पायरी. आजोबा बसले आहेत.)

वहिनी : घ्या आजोबा. घ्या. तुमचाच आहे ना? अहो वन्सं, गालाला लावला त्यांनी! तसाच, ओला. आता सांगा, लवकर सांगा.

वन्सं : सांगितलं.

वहिनी : सगळं? मग काय म्हणतायत?

वन्सं : मला काय माहीत? तोंड फिरवलंय.

वहिनी : रागावलेत. रागावणारच. माणूस देवासारखा असला म्हणून काय झालं?

वन्सं : थांब, काहीतरी विचारतायत. विचारतायत, किती जणींनी टाचा घासल्या?

वहिनी : आता हे कसं सांगू! म्हणावं, ज्यांना ज्यांना टाचा होत्या, त्या सगळ्यांनी.

वन्सं : विचारतायत, फरक पडला का?

वहिनी : फरक? लोण्यासारख्या झाल्या! थांबा, माझीच दाखवते.

वन्सं : वहिनी! पाय खाली घे, त्यांच्या नाकाशी काय नेतेस!

वहिनी : हसले! वन्सं, बघा, हसतायत! अहो पण डोळ्यांत पाणी पण आहे. काय म्हणतायत? सगळं सांगा, गाळू नका.

वन्सं : म्हणतायत, ती फार कामसू बाई होती. नुसती शोभेची वस्तू घरात खपायची नाही तिला. फुलदाणीत फुलांऐवजी चमचे ठेवायची. सबंध घरात हा एकच दगड बिनकामाचा. खिडकी पुसताना रोज त्याला उचलायची आणि म्हणायची, बाकी सगळे राबतात इथे, तू तेवढा बसून खा.

वहिनी : माझ्या सासूबाईच की!

वन्सं : म्हणतायत, आता तिला सांगता येईल, शेवटी कामाला लागला म्हणून.

वहिनी : त्यांना म्हणावं, मला माफ करा. असं नुसतं 'सॉरी' नको, नीट म्हणा.

वन्सं : म्हटलं. ते म्हणतायत, माफी नको. गरम पाणी मिळेल का?

वहिनी : पाणी? प्यायला?

वन्सं : नाही. बूट सोडतायत, बघ ना. म्हणतायत, घर सोडल्यापासून टाचांच्या भेगा दुखतायत. सगळ्यांनी घासल्या, मग मीच काय पाप केलंय?

वहिनी : अय्या! अहो, आणते ना! बादलीत मीठ घालून आणते. तुम्ही त्यांना आतल्या बाकावर बसवा. गोल गोल फिरवायचा म्हणावं, नुसता पुढे-मागे नाही. आणि बूट आत नका नेऊ हं, तुमचाच नियम आहे.

वन्सं : आता नियम मला शिकव. आण पाणी.

वहिनी : आणते, आणते.

(थोड्या वेळानं. पुढचं दार.)

वन्सं : झालं का? बसले?

वहिनी : बसले. पाय बुडवून डोळे मिटलेत. दगड मांडीवर धरलाय, अजून घासायला घेतला नाही. घासतील सावकाश. आज इथला कचरा उशिरा निघाला तरी कुणाचं काही अडत नाही. तुम्ही काय करताय इथे दारात?

वन्सं : त्यांचे बूट लावतेय फळीवर. एवढ्या मोठ्या फळीवर आज हा एकच जोड. ये, बस पायरीवर जरा.

वहिनी : बसले. ह्या पायरीवर पहिल्यांदाच निवांत बसतेय मी. हां, बोला.

वन्सं : वॉचमनला नाही दिल्या मी.

वहिनी : काय?

वन्सं : दादाच्या चपला. माझ्याकडे आहेत.

वहिनी : तुमच्याकडे?

वन्सं : वाटायच्या पिशव्या भरत होते. चपला उचलल्या त्या पिशवीतच घालायला. आणि घातल्या माझ्या स्वतःच्या पिशवीत, भाजीच्या. का, ते विचारू नकोस, मला अजून माहीत नाही. रिक्षात बसल्यावर कळलं मला, काय केलं ते. संध्याकाळी तू फोन करून विचारलंस आणि मला इतकी लाज वाटली. एवढी घोडी बाई, भावाच्या झिजलेल्या चपला चोरून नेते. तोंडाला आलं ते बोलून गेले. मग ते परत फिरवता येईना.

वहिनी : आणि इतके दिवस मी त्या वॉचमनच्या पायांकडे बघत होते! दिसला की खाली वाकून बघायची. तो बिचारा म्हणाला पण एकदा, काकू, काही पडलंय का?

वन्सं : हसू नकोस.

वहिनी : हसू नको तर काय करू? कुठे ठेवल्यात? माळ्यावर?

वन्सं : छे, माळ्यावर कशाला? दारात. एकट्या बाईचं घर. दारात पुरुषाच्या चपला असल्या की बरं असतं. कुणी काही विकायला आलं, विचारलं साहेब आहेत का, की मी सांगते, झोपलेत.

वहिनी : झोपायचेच हो ते दुपारी.

वन्सं : पावसात आत घेते. रविवारी पुसते. आणि उजवी जरा तिरकी ठेवते. तशीच.

वहिनी : दारात होत्या. तुमच्या दारात.

वन्सं : एकदा जरी आली असतीस, तरी दिसल्या असत्या.

वहिनी : आणि मी गॅसवाल्याची कारणं सांगत बसले!

वन्सं : रडू नकोस गं. घरी पोचल्यावर आधी तुला आणून देते. त्या तुझ्याच आहेत.

वहिनी : नको. राहू द्या तिथेच. मी येईन रविवारी. त्यांच्या शेजारी माझ्या चपला काढायला जागा ठेवा, म्हणजे झालं.